टाका कुणी घातला?

बीडमध्ये कुणी ऑपरेशन करून घरी आलं की पाहुणे मोसंबी नाहीतर बिस्किटाचे पुडे घेऊन येतात, खाटेच्या कडेला टेकतात, "आता बरंय ना?" विचारतात आणि याच दुखण्यानं त्यांच्या ओळखीतलं कोण कोण गेलं ते तपशीलवार सांगून उठतात. मास्तर रिकाम्या हातानं येतात. गळ्यात फीत, कानावर पेन्सिल, शर्टाच्या छातीवर दोरे ओवलेल्या दोन सुया टोचलेल्या. तब्येतीची चौकशी करणं हे त्यांच्या मते डॉक्टरांचं काम. ते कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, पेशंटवर वाकतात आणि म्हणतात, "बघू बरं. टाका कुणी घातला?"

दुसरीकडून शिवून आणलेल्या पँटीलाही ते हेच विचारतात. सूरही तोच. उत्तरात कुणाचंही नाव आलं तरी पुढचं वाक्य बदलत नाही. "हां. तरीच."

माळीवेशीकडून आत वळलं की एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडाली आहेत, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नाही, कारण मशीनचा आणि मास्तरांचा असे दोन्ही आवाज रस्त्यापर्यंत पोचतात. आत पायाची जुनी उषा मशीन, शेजारी मुलानं हट्टानं आणलेली मोटरची मशीन, भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर. "आमच्या मराठवाड्यातले, नरसीचे," असं मास्तर नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात. तसबिरीखाली केव्हाच संपलेल्या वर्षाचं कॅलेंडर लटकतंय. ते बदललं जात नाही, कारण मास्तरांचा तारखांशी संबंध नाही, फक्त वाराशी आहे. तो वार बुधवार. कापड कुठल्याही दिवशी टाका, पँट बुधवारी मिळते. कुठल्या बुधवारी ते विचारायचं नाही. बीडच्या रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि नगरकडं पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. तेव्हापासून तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मास्तर एकच ऐकवतात. "तीस वर्षं लोक म्हणत व्हते येत न्हाई, येत न्हाई. आली का न्हाई?"

माप घ्यायची त्यांची रीत जाहीर सभेची आहे. तुम्ही भर दुकानात हात वर करून उभे, मास्तर फीत फिरवणार आणि आकडा वहीजवळ बसलेल्या पोराला अशा आवाजात सांगणार की पलीकडच्या चहावाल्यालाही तुमची कंबर पाठ व्हावी. "कंबर चाळीस! सीट बेचाळीस! पोट..." इथं ते क्षणभर थांबतात. "राहू दे, ध्यानात राहतंय."

असा माणूस शिंपीच असावा लागतो असं नाही. माझे एक मामा पोस्टात होते. लग्नाची पत्रिका हातात पडली की वधू-वरांची नावं वाचायच्या आधी ते पाकीट तळहातावर तोलायचे आणि तिकीट कमी लावलंय का ते सांगायचे. एखाद्या घरी गवंडी काका असतात, ते वास्तुशांतीला जेवताना भिंतीचा ओळंबा बघतात. आयुष्यभर एकच काम केलेल्या माणसाला सगळं जग त्याच कामाचं वाटायला लागतं. मास्तरांचं क्षेत्र म्हणजे जे जे फाटतं ते. त्यात माणूस येतोच.

आमच्या गल्लीतल्या एका पोराची कबड्डीत हनुवटी फुटली. आई त्याला दवाखान्यातून रिक्षानं घरी नेताना मास्तरांनी रिक्षाच थांबवली. पट्टीच्या कडेतून आत डोकावून म्हणाले, "पाच हायेत. दोन टाक्यांतलं अंतर सारखं न्हाई, पण दोरा बारीक वापरलाय. चेहऱ्याला बारीकच पाहिजे. शहाणा माणूस आहे." रडवेल्या आईला डॉक्टरांच्या सांगण्यानं आला नव्हता इतका धीर या एका वाक्यानं आला. मास्तर मात्र तिथंच थांबले नाहीत. "पाचव्या-सहाव्या दिवशी काढतील. मला दाखवूनच काढा म्हनावं."

त्यांचे शेरेही ठरलेले असतात. चांगला टाका म्हणजे "हात हलका आहे". वाईट टाक्याचे तीन प्रकार: "ओढलाय", "चुणी पडली" आणि सगळ्यांत वाईट, "दिवाळीतलं काम दिसतंय". आमच्या शेजारच्या आजोबांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला त्यांनी भर उन्हाळ्यात "दिवाळीतलं" ठरवलं, तेव्हा आजोबांनी दोन दिवस सुनेशी अबोला धरला होता, कारण दवाखाना तिनं निवडला होता.

बार्शी नाक्यावर मोटारसायकलवरून पडलेल्या एका गुरुजींनी सांगितलं, "मास्तर, पायात प्लेट टाकली."

"एकच?"

"एकच."

"प्लेटा दोन तरी पाहिजेत," मास्तर म्हणाले. "एका प्लेटीनं फॉल नीट येत न्हाई."

गुरुजी हसले. हसल्यावर पाय दुखला म्हणून कण्हले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांचा पोरगा त्यांच्या घरी एक पँट घेऊन आला. उजव्या पायाची बाजूची शिवण वरपासून खालपर्यंत उसवून तिला टिचबटणं लावलेली, म्हणजे बँडेजवरून चढवता-उतरवता यावी. शिलाईचे पैसे घ्यायला पोरगा तयार नव्हता. गुरुजींना त्या पँटीपेक्षा एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटलं होतं: ती दुसऱ्याच दिवशी मिळाली, आणि तो दिवस शुक्रवार होता.

मास्तरांच्या या उद्योगाला खरं खतपाणी घातलं ते गावातल्या एका सर्जननं. ते मास्तरांचे पिढीजात गिऱ्हाईक. त्यांच्या शाळेच्या खाकी चड्डीपासून लग्नाच्या सुटापर्यंत सगळं याच दुकानात शिवलेलं. रविवारी सकाळी डॉक्टर पँटीची चौकशी करायला येतात, पँट झालेली नसते, मग दोघांसाठी हाफ चहा येतो आणि वाद सुरू होतो.

पहिला वाद गाठींचा होता. डॉक्टर प्रत्येक टाका सुटा घालतात आणि प्रत्येकाला वेगळी गाठ मारतात, हे कळल्यावर मास्तरांना ती उधळपट्टी सहन होईना. "एवढ्या दोऱ्यात माझी दोन पोलकी व्हतील!" डॉक्टरांनी समजावलं की सलग शिवत गेलं आणि दोरा एका जागी तुटला, तर सगळी शिवण सैल पडते. सुट्या टाक्यांत एक गेला तरी बाकीचे धरून राहतात. मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे तुम्ही टाका घालता, टीप मारत न्हाई. मग ठीक." यानंतर गावात कुणाचं पोट शिवलं गेलं की "टाका आहे का टीप?" हाही प्रश्न यादीत आला.

दुसरा वाद जवळजवळ भांडणापर्यंत गेला. कातडी जाड असेल, ताण पडत असेल, तिथं सर्जन एक दुहेरी टाका घालतात. त्याला मॅट्रेस म्हणतात. मास्तरांनी अर्थ विचारला आणि डॉक्टर बिचारे खरं बोलले. "गादीचा टाका? माणसाला?" मास्तर मशीनवरून उठलेच. "गादीवाल्याचं काम हे! हातभर सुई, सुतळीसारखा दोरा! उद्या माणसाला ताडपत्रीचा टाका घालाल." तो रविवार चहाशिवाय गेला. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी अपेंडिक्स काढून समेट केला. अपेंडिक्स कापल्यावर उरलेलं तोंड आत दाबायचं आणि त्याच्या भोवती गोल दोरा ओवून बटवा आवळतात तसा ओढून घ्यायचा, अशी एक जुनी रीत आहे. मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हंजे नेफा की हो!" नेफा हे शिंप्याच्या हक्काचं काम. शल्यशास्त्राबद्दलचं त्यांचं मत त्या दिवशी पुष्कळ सुधारलं.

विरघळणाऱ्या दोऱ्यावर मात्र त्यांचा अजूनही पूर्ण विश्वास बसलेला नाही. "असला दोरा मी वापरला तर वरातीत नवरदेवाची पँट विरघळंल." पूर्वी असा दोरा मेंढ्या-बकऱ्यांच्या आतड्यापासून करायचे आणि त्यानं आतडीही शिवायचे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मान डोलावली. "मॅचिंग घेत व्हते."

डॉक्टरांच्या पेटीतली एकच गोष्ट अशी आहे जिचा मास्तरांना मनापासून हेवा वाटतो. त्यांच्या सुईला नाकच नसतं. कारखान्यातूनच दोरा जोडून येतो, पाकीट फाडलं की शिवायला सुरुवात. मास्तरांचं वय आता असं की संध्याकाळी दिवा लागल्यावर ते सुई आणि दोरा घेऊन दुकानाच्या उंबऱ्यावर येतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही शाळकरी पोराला हाक मारतात. पोरगं दोरा ओवून देतं, मास्तर त्याच्या शर्टाचं लोंबतं बटण तिथल्या तिथं लावून देतात. त्या बोळातल्या पोरांच्या शर्टांना बटणं नेहमी पुरी असतात.

सुश्रुताची गोष्ट डॉक्टरांनी सहज सांगितली होती. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार आहेत, त्यातला एक शिवण्याचा. शिष्यांनी माणसाला हात लावण्याआधी जाड-बारीक कापडाच्या कडा आणि मऊ कातडं शिवून हात बसवायचा, असं त्यात सांगितलंय. सुया तीन तऱ्हेच्या. सांध्याला आणि कमी मांसाच्या जागी दोन बोटं लांबीची गोल, मांसल जागी तीन बोटांची तिधारी, पोटाला आणि नाजूक जागी धनुष्यासारखी वाकडी. दोरा तागाचा, जवसाचा, स्नायूचा, केसाचा, अगदी गुळवेलीच्या तंतूचासुद्धा. टाक्यांचीही नावं आहेत आणि त्यातला एक तर चक्क रफूचा. मास्तरांनी सुया, दोरे, सगळं सोडून एकच धागा पकडला. "पोरं आधी कापड शिवायची म्हनलात ना? मंग ती शिकली कुनाकडं?" डॉक्टरांना उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून माळीवेशीच्या आसपास असं मानलं जातं की सुश्रुताच्या दवाखान्यात एक शिंपी पगारावर होता.

त्याच ग्रंथात फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावायला लावायचे आणि मग धड तोडून डोकी तिथंच ठेवायची, अशीही रीत आहे. हे ऐकून मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. कोपऱ्यात पँटीची वाट बघत बसलेला एक गिऱ्हाईक हळूच म्हणाला, "मुंगळे बरे. बुधवार सांगत नसतील."

मास्तरांना सगळ्यांत जास्त रंगवून सांगायला आवडते ती कावसजीची हकिगत. हा इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला मराठा बैलगाडीवान. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडलं आणि नाक कापून सोडलं. पुढं पुण्याला वीटभट्टीचं काम करणाऱ्यांच्या जातीतल्या एका कसबी माणसानं त्याला नवीन नाक करून दिलं, दोन इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ते चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये तसलंच नाक करून दाखवलं, आणि विलायतेत या शस्त्रक्रियेला 'हिंदुस्थानी पद्धत' म्हणायला लागले. कारागिरी अशी की आधी मेणाचं पातळ नाक करून चेहऱ्यावर बसवून बघायचं, मग ते उघडून कपाळावर सपाट पसरायचं, त्याच्या कडेनं रेघ मारायची आणि रेघेवरून कातडी कापायची. वर भुवयांच्या मध्ये ती जोडलेली ठेवून खाली फिरवायची.

इथवर आलं की मास्तर हातातला खडू उचलून टेबलावरच्या कुणाच्या तरी कापडावर नाक काढून दाखवतात. "ही बेतणी झाली! कागद ठेवला, खडू मारला, कैची चालवली! डॉक्टरकी कुठं आहे ह्यात?" एकदा एका सफारीच्या पाठीवर त्यांनी असं नाक काढलं आणि ते पुसायचं राहिलं.

गोष्टीचा शेवट मात्र त्यांना अडचणीत टाकतो. ते नाक शिवलंच नव्हतं. कापडाच्या पट्ट्यांवर ओला कात लावून त्या एकावर एक बसवून नाक चिकटवलं होतं. तोच कात, जो पानाला लावतात. मास्तर हा भाग गाळतात. डॉक्टर समोर असतील तर ते आठवण करून देतात, मग मास्तर म्हणतात, "फौजेची घाई असंल. नंतर टाका घातला असणार, इंग्रजांनी लिहिला नसंल."

कारेलची गोष्ट मात्र त्यांनी एक अक्षर न गाळता पाठ केली आहे. फ्रान्समध्ये ल्यों नावाच्या गावात १८९४ साली राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना कुणीतरी सुरा मारला. पोटातली मोठी शीर तुटली होती आणि शीर शिवायची कला कुणाकडं नव्हती, म्हणून माणूस गेला. अलेक्सिस कारेल तेव्हा तिथला तरुण, डॉक्टरकी शिकणारा. त्यानं हे मनाला लावून घेतलं आणि गावातल्या लेरूदिये नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडं बारीक सुईचं काम शिकला. १९०२ साली त्यानं शिरेला शीर जोडायची रीत छापली. गोल तोंडाला तीन जागी टाके घ्यायचे, ते ओढून त्रिकोण ताणायचा आणि मग एकेक बाजू शिवत जायची. पुढं १९१२ साली त्याला नोबेल मिळालं.

त्रिकोणाचं डॉक्टर हातवारे करून समजावत होते, तेव्हा मास्तरांनी त्यांना मध्येच थांबवलं, समोरची बाही उचलली, मुंढ्यावर धरली, तीन कच्चे टाके घेतले आणि म्हणाले, "असंच ना?" डॉक्टर बघत राहिले. असंच होतं.

"नोबेल डॉक्टरला भेटलं," मास्तर म्हणाले. "बाईला काय भेटलं?"

डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

"शिकवणीचे पैसे तरी दिले का?"

डॉक्टरांना तेही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी ती बाही परत शिवायला घेतली. त्या रविवारी डॉक्टरांची पँट झालेली होती, पण ती त्यांना दिली गेली नाही.

एवढी सगळी फुशारकी खरी, पण मास्तरांकडं एक चीज अशी आहे जी डॉक्टरांकडं नाही. मापाची वही. अशा कितीतरी वह्या लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत. दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावर जातो, मास्तरांकडं चांगला असताना येतो. मुंजीचं माप आहे, लग्नाचं आहे, पोरीच्या लग्नातल्या कोटाचं आहे. मोंढ्यातल्या एका आडत व्यापाऱ्याची कंबर दोन दिवाळ्यांत अडतीसची चौतीस झाली. घरचे म्हणाले, चांगलंच झालं, पोट उतरलं. मास्तरांनी फीत खाली ठेवली. "डायट चालूय?" "नाही." "तहान लागती फार?" "लागते." "मंग माझ्याकडं नंतर या, आधी रक्त तपासा." साखर निघाली. ते व्यापारी आता वर्षातून दोनदा नुसतं माप द्यायला येतात, कपडा न टाकता. मास्तर तेही भर आवाजातच घेतात.

एक खांदा खाली आलेला त्यांना दिसतो, पाठीला नव्यानं आलेला बाक दिसतो. एका विधुराची कॉलर एका वर्षात इंचभर सैल झाली, ते त्यांनी पाहिलं आणि वहीत जुनंच माप लिहून ठेवलं. "भरून येईल," म्हणाले. मी त्या वेळी तिथं नुसता बसलो होतो, आणि त्यांनी पहिल्यांदाच माप मोठ्यानं सांगितलं नाही.

दुकानामागच्या खोलीत मास्तरांच्या घरच्या काकू बायकांचं शिवण शिवतात. त्यांचा कारभार वेगळा, वही वेगळी आणि बुधवारही खरा. पुण्याहून आलेल्या एका वहिनींनी त्या खोलीत 'टमी टक' हा शब्द आणला. डॉक्टर पोटाची जादा कातडी काढून उरलेली ताणून शिवतात, असं त्यांनी सांगितलं. मास्तर पडद्याआडून म्हणाले, "टक किती घालतेत? चार टक्स का कटोरी?" काकूंनी आतूनच कैची आपटली, तो विषय तिथं संपला.

दसरा झाला की दुकानात वेगळी गर्दी होते. उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघायच्या तयारीत असतात आणि बायका परकर शिवायला टाकतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आमच्याकडं हा आकडा वर्तमानपत्रात आला त्याच्या कितीतरी आधी काकूंच्या वहीत येत होता. बायका सांगायच्या, नाडी टाक्यावर बसते, वाकलं की काचते, आणि ऊस तोडताना तर दिवसभर वाकायचंच. काकूंनी ते मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी एक परकर बेतला. कमरेला बारीक नाडीऐवजी चार बोटं रुंद दुहेरी पट्टा, तो वर पोटावर बसेल असा, बंद बाजूला. दोन-तीनदा उसवून त्यांनी तो नीट केला. आता तो परकर बीडच्या आसपासच्या गावांत मागून नेतात. शिलाई साध्या परकराचीच. त्या बायकांच्या टाक्यांबद्दल मास्तरांनी कधी कुणाला काही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे सगळं चालू असताना मास्तर स्वतः एक टाका लपवून होते. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून आणि कापडाचे गठ्ठे उचलून त्यांना हर्निया झाला होता. त्यांनी त्यावर स्वतःच एक पट्टा शिवला होता, आत फोमची गादी घातलेला, अतिशय सुबक. तो कुणाला दिसत नव्हता. एका रविवारी डॉक्टरांच्या पँटीची लांबी घ्यायला खाली वाकताना मास्तरांनी डाव्या हातानं जांघ दाबून धरली. डॉक्टर उभे होते, हात वर करून. तसेच वरून म्हणाले, "मास्तर, किती वर्षं झाली?" आणि त्यांनी ते अशा आवाजात विचारलं की चहावाल्यालाही कळलं. बऱ्याच वर्षांचा हिशेब त्या दिवशी चुकता झाला.

ऑपरेशन कमरेखालचा भाग बधिर करून झालं. ही डॉक्टरांची मोठी चूक, असं दवाखान्यातल्या सगळ्यांचं मत पडलं, कारण मास्तर जागे राहिले. छातीवर हिरव्या कापडाचा पडदा, पडद्याच्या अलीकडं मास्तरांचं तोंड. आधी त्यांनी त्या हिरव्या कापडाची किनार चाचपली. "शिवण सरळ न्हाई." मग डॉक्टरांनी मदतनिसाकडं दोन झिरोचा दोरा मागितला, त्यावर त्यांना शंका आली. पडद्यापलीकडून डॉक्टरांनी सांगितलं की शून्यं जास्त तितका दोरा बारीक. "मंग माणसाच्या पोटाला तीन झिरो घ्या की, कंजुषी कशाला?"

यानंतर जाळीचा विषय निघाला. हर्नियाचं भोक आता नुसतं ओढून शिवत नाहीत, कारण ताण पडून टाके सुटतात. त्यावर पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याची विणलेली जाळी बसवतात. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि धंद्याची भाषा सुरू केली.

"ठिगळ म्हना की सरळ. कापड कसलंय?"

"विणलेलं आहे. जाळीचं."

"आटतं का?"

पडद्यापलीकडं काही वेळ शांतता होती. जाळी अंगात गेल्यावर थोडी आकसते, हे सर्जनांना माहीत असतं. पण पेशंटकडून हा प्रश्न येत नसतो. "थोडं आटतं," डॉक्टर म्हणाले.

"माया किती सोडली?"

"भोकापेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठी कापलीय."

"इंचभर," मास्तर म्हणाले. "बराबर आहे. हात हलका ठेवा." आणि डोळे मिटून घेतले. मदतनीस सांगतात की डॉक्टरांनी पुढचे टाके नेहमीपेक्षा सावकाश घातले.

मास्तर घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून गाव लोटलं. हनुवटी फुटलेला पोरगा, प्लेटवाले गुरुजी, "दिवाळीतलं काम" म्हणून अपमान झालेले शेजारचे आजोबा काठी टेकत, सगळे. कुणी मोसंबी आणली नव्हती. प्रत्येक जण खाटेजवळ वाकून एकच म्हणत होता, "बघू बरं मास्तर, टाका कुणी घातला?" आणि टाका अशा जागी होता की तो कुणालाही दाखवायची सोय नव्हती. मास्तर चादर हनुवटीपर्यंत ओढून घेत आणि सांगत, "आतून घातलाय. तुरपई आहे, वरून दिसत न्हाई. तुम्हाला कळणार न्हाई." आजोबांनी काठीच्या टोकानं चादर उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा काकू आल्या म्हणून मास्तर वाचले.

पंधरा दिवसांनी डॉक्टर दुकानावर आले. मास्तर मशीनवर नव्हते, गल्ल्यावर बसून पोराला सूचना देत होते.

"मास्तर, माझी पँट?"

"तुम्हीच सांगितलंय, तीन महिने जड उचलायचं न्हाई."

"पँट जड असते का?"

मास्तरांनी वही उघडली, डॉक्टरांच्या पानावर बोट ठेवलं. "मागची शिलाई धरली तर आहे."

डॉक्टरांनी ते पान वाचलं, खिशातून पेन काढलं. "बरं. मग ऑपरेशनचं बिलही करून टाकतो. पैसे कधी देताय?"

"बुधवारी," मास्तर म्हणाले.